ॲटलास पतंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाने जोर धरला की फोनवर तेच ते फोटो यायला लागतात. ओसरीची भिंत, वर ट्यूबलाइट आणि खाली पंख पसरून निवांत बसलेला एक विटकरी रंगाचा अवाढव्य पतंग. सोबत एकच ओळ: "हे काय आहे?" त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. त्यामागून जे प्रश्न येतात त्यांचं तसं नसतं. ते इथे एकत्र केले आहेत. भर सह्याद्रीतल्या पतंगावर आहे, कारण बहुतेक फोटो तिथूनच येतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात पुन्हा लिहावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. भिंतीवर हाताच्या पंजापेक्षा मोठं, विटकरी रंगाचं फुलपाखरू बसलं आहे. कोणतं असेल?

बहुधा ॲटलास मॉथ. फुलपाखरू नव्हे, पतंग. खात्री करायची तर आधी खिडक्या बघा. चारही पंखांच्या मधोमध एकेक त्रिकोणी, काळी किनार असलेला पारदर्शक तुकडा असतो. तिथे खवलेच नसतात, त्यामुळे पतंग भिंतीवर बसलेला असला तर त्या त्रिकोणातून चक्क भिंतीचा रंग दिसतो. दुसरी खूण पुढच्या पंखांच्या टोकांची. ती बाहेर वळलेली आणि पिवळसर असतात आणि त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. तिसरी खूण आकाराची. पंख पसरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर २० सेंटिमीटरच्या पुढे सहज जातं, मोठी मादी २४ सेंटिमीटरपर्यंत भरते. एवढ्या पंखांच्या मानाने धड मात्र आखूड आणि लोकरीसारखं केसाळ.

त्रिकोणी खिडक्या आणि वळलेलं टोक या दोन्ही गोष्टी दिसल्या की पुढचं वाचायला हरकत नाही. एकच दिसली तर प्रश्न ३ पाहा.

२. पण बातमीत तर "दुर्मिळ फुलपाखरू" म्हटलं होतं. फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक कसा ओळखायचा?

मिशा बघा. फुलपाखराच्या मिशा काडीसारख्या आणि टोकाला आगपेटीच्या काडीसारख्या फुगीर असतात. ॲटलासच्या मिशा पिसासारख्या किंवा नेच्याच्या पानासारख्या दिसतात. "पंख मिटून बसतं ते फुलपाखरू, पसरून बसतो तो पतंग" हा नियम शाळेत सांगतात, पण तो पुष्कळदा फसतो. पंख सताड उघडे टाकून बसणारी फुलपाखरं कितीतरी आहेत.

तुलना हवी असेल तर, महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्ल्यू मॉरमॉन पंख पसरून १५ सेंटिमीटरच्या आगेमागे भरतं. ॲटलाससमोर तेही लहान दिसतं. "दुर्मिळ" या शब्दाबद्दल प्रश्न १० मध्ये.

३. मोठा आहे, तपकिरी आहे, पण खिडक्या त्रिकोणी नाहीत, गोल आहेत. मग?

मग तो टसर, म्हणजे टसर रेशीम देणारा पतंग. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात, हीच शक्यता जास्त. टसरच्या प्रत्येक पंखावर एकेक गोल डोळा असतो आणि त्या डोळ्याच्या मध्यभागी काच बसवल्यासारखा पारदर्शक ठिपका. तोही ॲटलासच्याच कुळातला आहे, म्हणून ठेवण सारखी वाटते.

फिकट पोपटी अंग आणि मागे दोन लांब शेपट्या असतील तर तो मून मॉथ. त्याची कशाशीच गल्लत होत नाही, तरी "ॲटलासची मादी का?" असं विचारणारे असतात. नाही.

खरी गल्लत होते ती एरेबसशी, ज्याला कुणी घुबड पतंग म्हणतात. काळपट तपकिरी रंग, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक मोठा वाटोळा डोळा. दिवसा जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर बसून असतो. त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या साध्या असतात आणि पंखांत पारदर्शक काही नसतं. हा पतंग सडक्या फळांवर सोंड लावून रस पितो, ॲटलासला ते शक्यच नाही (प्रश्न ८).

४. इंटरनेटवर काही ठिकाणी अटॅकस ॲटलास लिहिलंय, काही ठिकाणी अटॅकस टॅप्रोबॅनिस. बरोबर काय?

दोन्ही नावं खरी आहेत, जागा वेगळ्या आहेत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ज्याला ॲटलास हे नाव दिलं, तो हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत आणि पुढे आग्नेय आशियात पसरलेला आहे. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मिळणाऱ्याला बरीच वर्षं त्याचीच उपजाती मानत, आता टॅप्रोबॅनिस ही वेगळी जाती धरतात. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं ग्रीकांनी वापरलेलं जुनं नाव. म्हणजे सह्याद्रीतला फोटो असेल तर टॅप्रोबॅनिस लिहा. बोलताना दोघांनाही ॲटलासच म्हणतात, मीही इथे तेच केलंय.

५. हा जगातला सर्वांत मोठा पतंग आहे ना?

सर्वांत मोठ्यांपैकी एक, असं म्हणा म्हणजे वाद नको. नुसता पंखविस्तार मोजला तर दक्षिण अमेरिकेतला व्हाइट विच त्याच्या पुढे जातो. पंखांचं क्षेत्रफळ मोजलं तर न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडचा हर्क्युलिस मॉथ स्पर्धेत येतो.

६. नर की मादी, हे फोटोवरून सांगता येईल का?

येतं, आणि पुन्हा मिशांवरूनच. नराच्या मिशा रुंद, भरघोस. मादीच्या अरुंद आणि विरळ. शिवाय मादी मोठी असते, तिचे पंख जास्त गोलाकार असतात आणि पोट अंड्यांनी तट्ट भरलेलं असतं. नराचे पुढचे पंख निमुळते.

मिशांमधला हा फरक दिसण्यापुरता नाही. मादी कोषातून बाहेर आली की फार लांब जात नाही. जवळच्याच फांदीला लटकून रात्री गंध सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण नर तो काही किलोमीटरवरून टिपतो. ते काम त्या पिसांचं. म्हणून रात्री भटकणारा बहुधा नर असतो आणि झाडाजवळ ठिय्या देऊन बसलेली मादी. मादी दिसली तर तिचं झाड आसपास शोधून पाहावं, असं मी नेहमी सांगतो.

७. पंखाच्या टोकावर सापाचं तोंड का असतं? खरंच घाबरवायला?

एकदा ते साम्य दिसलं की डोळ्यांपुढून जात नाही, हे खरं. डिवचलं तर पतंग जमिनीवर पडतो आणि पंख सावकाश हलवत राहतो. तेव्हा ती टोकं अशी डुलतात की नागाची आठवण यावीच. दिवसा हल्ला करणाऱ्या पक्ष्याला त्याने दचकायला होत असेल, असा सर्वसाधारण तर्क आहे.

मला त्याहून रंजक वाटते ती रात्रीची गोष्ट. वटवाघूळ चित्र बघत नाही, ते आवाज फेकून त्याच्या प्रतिध्वनीवर भक्ष्य शोधतं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली करंट बायॉलॉजी या नियतकालिकात दाखवून दिलं की ॲटलाससारख्या पतंगांच्या पंखांची ती वळलेली, चुण्या पडलेली टोकं धडापेक्षाही जोरदार प्रतिध्वनी परत पाठवतात. वटवाघळाचा घाव मग पंखाच्या टोकावर बसतो. टोक तुटतं, पतंग निसटतो. टोक तुटलेले पतंग बघितले असतील तर त्यामागे हेही कारण असू शकतं. सापाचा मुखवटा आपल्याला दिसतो, कारण आपण डोळ्यांनी शिकार करणाऱ्यांतले.

८. दमल्यासारखा दिसतोय. साखरपाणी किंवा फळाची फोड ठेवू का?

नको. त्याला खायला तोंडच नाही. सोंड एवढीशी खुंटलेली असते, तिचा उपयोग शून्य. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जगतो. साखरपाण्याने पाय आणि पंख मात्र चिकट होतात आणि मुंग्या येतात.

९. मग जगतो किती दिवस? आणि एकूण जीवनक्रम कसा असतो?

पंख फुटल्यावर एक ते दोन आठवडे, बस. पण "जगतो किती" याचं हे उत्तर अर्धवट आहे. आपण ज्याला पतंग म्हणतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा, उपाशी टप्पा. खरं जगणं झाडावर अळीच्या रूपात होऊन गेलेलं असतं.

मादी पानांच्या खालच्या बाजूला अंडी घालते. एक अंडं सुमारे अडीच मिलिमीटरचं, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान. एका मादीची अंडी शंभराच्या वर सहज जातात. दहा ते चौदा दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि बहुतेक वेळा आधी स्वतःच्याच अंड्याचं कवच कुरतडतात. त्यानंतर महिनाभर, कधी त्याहून जास्त दिवस, पानं खाणं एवढंच काम. चार-पाच वेळा कात टाकत ती अळी ११ सेंटिमीटरपर्यंत लांब आणि अंगठ्याहून जाड होते.

कोष विणण्याआधी ती एक हुशारी करते, जी जवळून बघण्यासारखी आहे. पान अंगाभोवती ओढून घेण्यापूर्वी त्या पानाचा देठ रेशमाने फांदीशी पक्का बांधते. देठावरून डहाळीवर, डहाळीवरून देठावर असं तोंड फिरत राहतं आणि हळूहळू तपकिरी पट्टी तयार होते. पुढे पान वाळलं तरी गळत नाही. कोष वाऱ्यावर हेलकावे खात तसाच लोंबत राहतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एखादं सुकलेलं पान अडकून पडलंय.

कोषात किती दिवस, याचं एक उत्तर नाही. दिवस अनुकूल असतील तर साधारण महिनाभरात पतंग बाहेर येतो. कोरडा काळ पुढ्यात असेल तर आतला जीव थांबून राहतो, कित्येक महिनेसुद्धा. सह्याद्रीत पाऊस सुरू झाल्यावर एकदम फोटो यायला लागतात ते यामुळेच.

१०. कुठल्या जंगलात, कुठल्या महिन्यांत दिसतो? दुर्मिळ आहे का?

दमट, झाडी टिकून असलेलं जंगल हवं. सदाहरित, निमसदाहरित आणि त्याला लागून असलेल्या बागा. आंबोली, राधानगरी, कोयना हा पट्टा त्याच्या सोयीचा. जून ते ऑक्टोबर हा मुख्य काळ.

दुर्मिळ म्हणायला मी कचरतो. जो फक्त रात्री उडतो, आठवडा-दोन आठवडेच जगतो आणि दिवसा वाळक्या पानासारखा बसून राहतो, तो कमी दिसणारच. दिसत नाही आणि नाही यांत फरक आहे. मात्र ज्या डोंगरउतारावरची मिश्र झाडी जाऊन एकाच जातीची लागवड आली, तिथे तो खरंच दिसेनासा होतो, कारण अळीचं झाडच गेलेलं असतं.

११. अळीचं झाड कोणतं? आमच्या लिंबावर एक हिरवी अळी आहे, तीच का?

ॲटलासची अळी एकाच झाडावर अडून बसत नाही. दालचिनी आणि तिचे रानटी भाऊबंद, पेरू, लिंबूवर्गीय झाडं, सीताफळाच्या कुळातली झाडं, महारुख अशा बऱ्याच झाडांची पानं तिला चालतात.

लिंबावर दिसलेली अळी मात्र शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा फुलपाखराची असते: लाइम बटरफ्लाय किंवा मॉरमॉनपैकी कुणीतरी. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी गुळगुळीत हिरवी होते, आणि हात लावला की डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढते. ॲटलासची अळी निळसर हिरवी असते. पाठीवर मांसल काट्यांच्या रांगा आणि सगळ्या अंगावर पांढरी भुकटी, जणू कुणी तिच्यावर पीठ चाळलंय. शेवटच्या पायांवर नारिंगी ठिपका.

फवारणी करू नका. एखाददुसरी अळी झाडाची थोडी पानं खाईल, झाड ती पुन्हा काढेल.

१२. अळी किंवा पतंग विषारी आहे का? पंखांची पावडर डोळ्यात गेली तर दृष्टी जाते म्हणतात.

दृष्टी वगैरे जात नाही. ती पावडर म्हणजे पंखांवरचे बारीक खवले. डोळ्यात गेले तर धुळीसारखे खुपतील, पाण्याने डोळा धुवा. पतंगाला डंख नाही, दातही नाहीत.

ॲटलासच्या अळीचे काटे मऊ असतात, टोचत नाहीत. फार छेडलं तर उग्र वासाचा द्रव उडवते, तो मुंग्या आणि सरड्यांसाठी असतो. पण यावरून सगळ्याच अळ्या निरुपद्रवी समजू नका. ज्या सुरवंटाच्या अंगावर दाट केस आहेत त्याला हात लावायचा नाही. त्या केसांनी अंगावर गांधी उठतात आणि खाज दोन-दोन दिवस जात नाही.

१३. जंगल तर लांब आहे. तरी दिव्याकडे का आला? आणि सकाळ झाली तरी जात का नाही?

पतंग दिव्यावर भाळतो ही कवींची समजूत. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेलं वेगळंच आहे. रात्री उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून उडतात, कारण मोकळ्यावर रात्री वरची बाजू उजळ असते. मध्येच एक बल्ब आला की पाठ त्याच्याकडे वळत राहते आणि कीटक त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतो. (कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉकमॉथ या अभ्यासात अपवाद निघाला, त्याला दिव्याचं फारसं काही वाटलं नाही.)

सकाळी तो जात नाही, कारण दिवस ही त्याची बसून राहण्याची वेळ. मेलेला नसतो. बाहेरचा दिवा विझवा, तेवढं पुरतं. कावळ्यांची किंवा मांजराची भीती असेल तर एक काटकी त्याच्या पुढच्या पायांखाली हळूच सरकवा, तो स्वतः चढेल. मग ती सावलीतल्या झुडपात टेकवून ठेवा. पंखांना धरून उचलू नका.

१४. पंख फाटलाय. चिकटवता येईल का?

नका करू. पंख पुन्हा वाढत नाही, पण थोडा फाटलेल्या पंखानेही तो उडतो. पंख फाटलेले नसून चुरगळलेले असतील तर प्रश्न १६ पाहा.

१५. मादीने भिंतीवरच अंडी घातली! आता?

घाबरायचं काही नाही, आणि फार आशाही धरू नका. नर भेटला नाही तरी मादी शेवटी अंडी घालते, ती फळलेली नसतात. काही दिवसांत अशी अंडी मधे खळगा पडून पिचकतात. टपटपीत राहिली तर दोन आठवड्यांच्या आत अळ्या येतील. अंडी भिंतीला घट्ट चिकटलेली असतात, खरवडू नका, फुटतात. अळ्या आल्या की मऊ कुंचल्याने उचलून पेरू किंवा दालचिनीच्या कोवळ्या पानावर सोडा. एकदा मी पेरूची फांदी भिंतीला टेकवून ठेवली होती, सकाळपर्यंत बऱ्याच जणी आपापल्या चढून गेल्या होत्या.

१६. फांदीसकट कोष मिळाला. घरी आणून पतंग बाहेर येताना बघू का?

अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. स्वतःच्या बागेत छाटलेल्या फांदीवर कोष आला असेल तर गोष्ट वेगळी. तो होता तसाच लोंबता बांधा, सावलीत, मोकळ्या हवेत. हवा कोरडी असेल तर अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती डब्याची. पतंग बाहेर येतो तेव्हा त्याचे पंख भिजलेल्या कापडाच्या बोळ्यासारखे असतात. त्याला वर चढून उलटं लटकायला जागा लागते, म्हणजे पोटातला द्रव पंखांत उतरतो आणि ते ताणले जातात. डब्यात ही जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, आणि ते नंतर सरळ होत नाहीत. माझ्या हातून पहिला कोष असाच वाया गेला. झाकणाला भोकं पाडली होती, उंचीचा विचार केला नव्हता.

१७. कोषातून पतंगाऐवजी माश्या निघाल्या. हे कसं?

परजीवी माश्या. अळी असतानाच तिच्या अंगावर अंडी घातली जातात, माशीची पिल्लं तिला आतून खातात. रेशीम शेतकऱ्यांना उझी माशी ठाऊक असते, हा प्रकार तसलाच. काही गांधीलमाश्याही हेच करतात. तुमची काही चूक झालेली नाही.

कोष हलका लागला आणि वरच्या टोकाचं सैल तोंड उघडं असेल तर पतंग आधीच निघून गेलाय. बाजूला छोटं गोल भोक दिसलं तर आत दुसराच कुणी राहून गेला.

१८. याच्यापासून रेशीम काढतात का?

काढतात, पण उलगडून नाही. रेशमाच्या किड्याचा धागा अखंड निघतो, ॲटलासचा तुटक असतो, म्हणून तो लोकरीसारखा कातावा लागतो. या तपकिरी रेशमाला फागारा म्हणतात. त्याचा व्याप अगदी थोडा. विदर्भात जो कोसा म्हणून ओळखला जातो तो टसरचा. त्याच्या अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पाळतात, त्याचा या पतंगाशी नात्यापुरताच संबंध.

१९. ओळख पटवायला फोटो कसा पाठवू?

एक वरून, पंख पूर्ण दिसतील असा. एक मिशांचा जवळून. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवा, "खूप मोठा" याने काही कळत नाही. तारीख आणि गाव लिहा. फिल्टर लावू नका, विटकरीचा गुलाबी होतो. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेला हा उपक्रम आता इकडेही रुजलाय. त्या दिवसांत पांढरी चादर आणि दिवा लावून बसलात तर एका रात्रीत बरंच दिसतं.

आणि एक फोटो पतंग ज्याच्या जवळ होता त्या झाडाचा, पानाच्या दोन्ही बाजू दिसतील असा. तो फोटो कुणी पाठवत नाही. मी मागतो तेव्हा उत्तर येतं, "झाड? बघितलंच नाही."